मराठी जाहिरात लिहितो कोण?

दरवर्षी २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, वृत्तपत्रांची पाने मराठी भाषा गौरव दिनाच्या शुभेच्छांनी भरून जातात. पैठणीचा काठ, फेटा, तुतारी, मागे सह्याद्रीची पुसट रेषा आणि खाली एखाद्या बँकेचे, विमा कंपनीचे किंवा गृहप्रकल्पाचे नाव. हौसेने वाचायला जावे, तर पहिल्याच ओळीला ठेच लागते. क्रियापद कर्त्याशी जुळत नाही, विभक्ती हिंदीची असते आणि वाक्याची घडण इंग्रजीची. मराठीचा गौरव करण्यासाठी लक्षावधी रुपये मोजून विकत घेतलेल्या जागेत अशुद्ध मराठी छापली जाते आणि आपण ते पान उलटून अग्रलेखाकडे वळतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे वाटले गेले, ते योग्यच होते. त्याच्या आदल्या वर्षी दुकानांवरील मराठी पाट्यांचा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला होता आणि न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत देऊन त्यांचे कान टोचले होते. तेही योग्यच झाले. परंतु पाटीवर असते ते फक्त दुकानाचे नाव. त्या नावाखाली, फलकावर, दूरचित्रवाणीवर आणि हातातल्या मोबाईलवर दिवसभर जी मराठी आपल्या डोळ्यांवर आणि कानांवर आदळते, ती कोण लिहितो, किती मोबदल्यात लिहितो आणि त्याला लिहिण्यापूर्वी काय सांगितले जाते, हा प्रश्न कोणत्याही मोर्चाच्या निवेदनात आलेला नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते तो पाट्यांच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे, कारण त्याच्याशी मराठी घेऊन पदवीधर होणाऱ्या हजारो मुलामुलींचा चरितार्थ बांधलेला आहे.

जाहिरात कशी जन्माला येते, हे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे. कंपनी आपली गरज जाहिरात संस्थेपुढे मांडते. तिच्यावरून एक टिपण तयार होते, त्याला त्या जगात 'ब्रीफ' म्हणतात. माल कोणासाठी आहे, तो माणूस आज काय वापरतो, तो आपल्याकडे का येत नाही आणि त्याला कोणती एक गोष्ट सांगितली असता तो वळेल, याचा विचार करणारा जो असतो तो स्ट्रॅटेजिस्ट किंवा प्लॅनर. १९६८ च्या सुमारास लंडनमध्ये स्टॅन्ली पॉलिट आणि स्टीफन किंग या दोघांनी दोन निरनिराळ्या संस्थांमध्ये या कामाला स्वतंत्र स्थान दिले, कारण ग्राहकाच्या बाजूने बोलणारा माणूस खोलीत कोणीच नसतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते. त्याआधी न्यूयॉर्कमध्ये बिल बर्नबाख यांनी शब्द लिहिणारा आणि चित्र काढणारा यांना एका टेबलाशी बसवले होते. पूर्वी मजकूर लिहून चित्रकाराकडे नुसता धाडला जाई. आज जगभर हीच पद्धत रूढ आहे. एका टोकाला विचार करणारा, मध्ये कॉपीरायटर आणि कलादिग्दर्शक यांची जोडी, आणि मग चित्रीकरण, मुद्रण वगैरे.

आता या साखळीत मराठी कोठे येते? ती येते सर्वांत शेवटी. विचार इंग्रजीत होतो, चर्चा इंग्रजीत होते, जाहिरातपट बहुधा हिंदीत लिहिला जातो, ग्राहक कंपनीची संमती मिळते, पैसे खर्च होतात आणि मग कोणाला तरी आठवण होते की, 'भाषा' करायच्या राहिल्या. भाषा करायच्या! मराठी, गुजराती, बंगाली, तामिळ यांची एक पुडी बांधून ती संध्याकाळी भाषांतरकारांकडे जाते आणि सकाळी परत हवी असते. दर शब्दागणिक ठरलेला असतो. म्हणजे जो मोजक्या शब्दांत नेमके सांगेल त्याला कमी पैसे आणि जो पाल्हाळ लावील त्याला अधिक. जाहिरातकलेच्या मूलतत्त्वाची याहून मोठी विटंबना कोणती असेल! ब्रीफ या माणसाला दाखवले जात नाही. चित्र पुष्कळदा दाखवले जात नाही. जाहिरातपट असेल तर पात्राच्या ओठांच्या हिंदी हालचालींत मराठी शब्द कोंबून बसवायचा असतो, आणि तो बसला की झाली मराठी जाहिरात.

यातून काय निपजते? इंग्रजीतल्या एका साध्या वाक्याचे उदाहरण घ्या: आम्हाला तुमची कदर आहे, आम्ही तुमची काळजी घेतो, अशा आशयाचे. घाईतला भाषांतरकार लिहितो, 'आम्ही तुमची काळजी करतो.' मराठीत काळजी घेणे आणि काळजी करणे यांत रुग्णाची शुश्रूषा आणि रुग्णाची चिंता एवढे अंतर आहे. एखादे रुग्णालय आपल्या फलकावर 'आम्ही तुमची काळजी करतो' असे लिहू लागले, तर शहाण्या माणसाने दुसरे रुग्णालय गाठावे! हिंदीतला 'संसार' म्हणजे जग, आपला संसार म्हणजे घरप्रपंच. हिंदीतली 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, आपली शिक्षा म्हणजे दंड. हिंदीत 'चेष्टा' करतात तो प्रयत्न, आपण करतो ती थट्टा. लिपी एक असल्याने हे सारे शब्द निर्वेधपणे इकडून तिकडे जातात. तामिळ भाषांतरात अशी चूक होण्याची शक्यताच नसते.

शब्दांच्या चुका एक वेळ सुधारता येतील. नात्यांच्या चुकांचे काय करायचे? हिंदीतले मूल जाहिरातीत आईला 'आप' म्हणते, म्हणून मराठी आवाज दिलेले मूल म्हणते, 'आई, तुम्ही हे आणलंत?' महाराष्ट्रात कोणत्या घरात मूल आईला 'तुम्ही' म्हणते? आई ती 'तू'च. बाबांना काही घरांत 'तुम्ही' असते, काही घरांत 'अरे बाबा' असते, आजोबांना 'अहो' असते आणि आजीला बहुधा पुन्हा 'अगं'. या सर्वनामांत मराठी कुटुंबाची सगळी रचना सामावलेली आहे. ज्याला ती कळते त्याला एका 'अगं'मध्ये तीस सेकंदांचे काम करता येते. ज्याला ती कळत नाही, त्याची जाहिरात ऐकताच घरातली म्हातारी माणसेसुद्धा ओळखतात की, ही मंडळी आपल्याकडची नव्हेत.

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. इंग्रजीला 'आम्ही' आणि 'आपण' यांत भेद करता येत नाही. हिंदीतही 'हम' एकच. मराठीत 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर उभा राहतो आणि 'आपण' म्हटले की तो आत येतो. एखाद्या सहकारी बँकेने 'आम्ही प्रगती करू' म्हणावे की 'आपण प्रगती करू' म्हणावे, यात सभासदाशी असलेल्या नात्याचाच निर्णय होतो. ज्या भेदासाठी इतर भाषांतल्या लेखकाला पूर्ण वाक्य खर्चावे लागेल, तो आपल्याला तीन अक्षरांत फुकट मिळालेला आहे. आणि भाषांतरात तोच सर्वप्रथम मारला जातो.

दोष कोणाचा?

निम्मा दोष जाहिरात संस्थांचा आहे, याविषयी शंका नको. त्यांचा हिशेब सरळ आहे. दक्षिणेतल्या राज्यांत हिंदी चालत नाही, म्हणून तेथे पुष्कळदा स्वतंत्र कलाकार, स्वतंत्र कथा आणि स्वतंत्र लेखक घेऊन जाहिरात बनते. महाराष्ट्राला हिंदी समजते. मग वेगळा खर्च कशाला? २०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही मातृभाषा असलेल्यांची संख्या ८ कोटी ३० लाखांहून अधिक आहे. हिंदी आणि बंगालीनंतर देशात आपलाच क्रमांक लागतो. एवढा मोठा भाषकसमूह केवळ शेजारची भाषा चांगली समजते म्हणून हिशेबातून वगळला जातो. हिंदीशी आपले वैर नाही, कधी नव्हते. पण दुसऱ्याची भाषा समजून घेण्याच्या सौजन्याची एवढी किंमत आपण का मोजावी, हे विचारायला काय हरकत आहे?

उरलेला निम्मा दोष मात्र आपल्या घरातला आहे, आणि त्याविषयी बोलायला आपण फारसे उत्सुक नसतो. मुलीने दहावीला चांगले गुण मिळवूनही कला शाखा घेतली की शेजारीपाजारी हळहळतात. बी.ए.ला मराठी घेतले की पुढचा प्रश्न ठरलेला: 'मग बी.एड. करणार का?' जणू मराठी शिकून मराठीच शिकवायची, म्हणजे ज्यांना ती शिकवली ते आणखी कोणाला तरी शिकवतील. शिक्षकी पेशाविषयी पूर्ण आदर ठेवूनही असे म्हणावे लागते की, ज्या भाषेचा उपयोग ती भाषा शिकवण्यापुरताच उरतो, तिचे भवितव्य कोणत्याही दर्जाने बदलत नाही.

विद्यापीठांचे मराठी विभाग यावर काय करतात? 'उपयोजित मराठी'च्या नावाखाली एखादी अभ्यासपत्रिका असते, तीत जाहिरातीवर एक प्रकरण असते. दहावीच्या प्रश्नपत्रिकेतही जाहिरातलेखनाचा प्रश्न असतो. आपल्या घरातल्या मुलाची वही उघडून पाहा. एक चौकट, तिच्या चार कोपऱ्यांत चार चांदण्या, वर 'त्वरा करा! त्वरा करा!', मध्ये पन्नास टक्के सवलत आणि खाली संपर्कासाठी पत्ता. गुण पूर्ण मिळतात. माल कोणासाठी आहे आणि त्याने तो का घ्यावा, हा प्रश्न मुलाला कोणी विचारलेलाच नसतो.

हे सारे मराठी माणसाला या व्यवसायाचे वावडे आहे म्हणून घडते, असे मात्र कोणी समजू नये. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरगावात उभी राहिलेली बी. दत्ताराम ही देशातील सर्वांत जुन्या जाहिरात संस्थांपैकी एक. सर ज. जी. कला विद्यालयात १९३५ साली उपयोजित कलेचा विभाग सुरू झाला आणि त्यातून बाहेर पडलेल्या मराठी तरुणांनी मुंबईच्या जाहिरात संस्थांतील चित्रकारांची टेबले पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. र. कृ. जोशी हे उल्का संस्थेत नावाजले आणि त्यांनी रेखाटलेला 'मंगल' हा देवनागरी टंक पुढे जगभरच्या संगणकांवर गेला. अरुण कोलटकर हे मराठीतले केवढे मोठे कवी. पण जाहिरातींच्या जगात त्यांची कीर्ती होती ती दृश्यकलावंत म्हणून. चित्र मराठी हाताचे आणि शब्द इंग्रजी शाळेचे, अशी ही वाटणी कोणी कायद्याने केली नव्हती. ती पडली आणि आपण ती निमूटपणे मान्य केली.

त्याहून मागे जायचे तर किर्लोस्करवाडीला जावे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा तो खपेना. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. आजच्या परिभाषेत सांगायचे तर अडचण किमतीची नव्हती, भीतीची होती. आणि भीतीवर सवलतीची चांदणी चिकटवून चालत नाही. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले ते मुळात कारखान्याचे प्रसिद्धिपत्र म्हणून. शंकरराव चित्रकलेचे शिक्षण घेतलेले, कारखान्याच्या विक्रीचे काम पाहिलेले गृहस्थ. या प्रसिद्धिपत्राचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, १९३० मध्ये 'स्त्री' आले, १९३४ मध्ये 'मनोहर' आले आणि मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्या त्यावर वाढल्या. ग्राहकाला वाचक म्हणून सन्मानाने वागवण्याची ही रीत आज 'ब्रँड कंटेंट' या नावाने परदेशी तज्ज्ञांकडून आपल्याला पुन्हा विकली जाते!

हिंदीने आपली जागा कशी मिळवली, हेही पाहण्यासारखे आहे. २४ ऑक्टोबर २०२५ रोजी पीयूष पांडे यांचे निधन झाले. जयपूरचा हा माणूस राजस्थानकडून रणजी खेळलेला, काही काळ चहाची पारख करण्याच्या नोकरीत असलेला आणि इतिहासाचा पदव्युत्तर विद्यार्थी, म्हणजे आपल्यासारखाच कला शाखेचा. १९८२ मध्ये ते ऑगिल्वी संस्थेत आले तेही लेखक म्हणून नव्हे, ग्राहक कंपन्यांशी व्यवहार सांभाळणाऱ्या विभागात. पुढे त्यांनी इंग्रजीत विचार करून हिंदीत उतरवण्याचा परिपाठच मोडला. फेव्हिकॉलची माणसांनी लगडलेली ती बस आठवा. २००२ च्या त्या जाहिरातीत बोलणे जवळजवळ नाहीच, पण ज्याने राजस्थानातली बस आतून पाहिली आहे त्यालाच ती सुचू शकते. 'दो बूँद ज़िंदगी की' ही पोलिओ मोहिमेची ओळही त्यांचीच. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. त्याचे श्रेय अर्थातच लस, शासन आणि दारोदार हिंडलेल्या आरोग्यसेविकांचे. पण दार उघडल्यावर आईने बाळाला पुढे करावे, यासाठी त्या ओळीचेही साह्य झाले. मराठीत असा माणूस का झाला नाही? बुद्धी कमी होती म्हणून नव्हे. त्याला बसायला खुर्ची नव्हती, आणि खुर्ची मागायला कोणी गेले नाही.

'पण हे खोटे बोलण्याचे काम'

हा आक्षेप आपल्या घरांत नेहमी निघतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. १९७५ पासून एका क्रीमच्या जाहिरातींनी सावळ्या मुलीला नोकरी मिळत नाही, स्थळ येत नाही, असे देशाला पंचेचाळीस वर्षे शिकवले. २०२० मध्ये कंपनीने नावातला गोरेपणाचा शब्द काढला. मधल्या काळात ज्या मुली आरशासमोर उभ्या राहून रडल्या, त्यांचा हिशेब कोण देणार? त्या ओळी कोणीतरी लिहिल्या होत्या; सुशिक्षित, सुसंस्कृत घरातल्याच माणसांनी लिहिल्या होत्या.

पण मग निष्कर्ष काय काढायचा? ज्यांना या गोष्टीची खंत वाटते त्यांनी बाहेर राहायचे आणि ज्यांना वाटत नाही त्यांच्या हाती लेखणी सोपवायची, असा? चमत्कारिक औषधांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ चा आहे. जाहिरात क्षेत्राने स्वतःवर देखरेख ठेवणारी मानक परिषद १९८५ मध्ये स्थापन केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली. कायदा जाहिरात प्रसिद्ध झाल्यावर येतो. ती लिहिली जात असताना 'हे मी लिहिणार नाही' असे म्हणणारा माणूस खोलीतच असावा लागतो. वकिली, वैद्यकी आणि पत्रकारिता या तिन्ही व्यवसायांत खोटे बोलण्याची पुरेपूर सोय आहे. म्हणून आपण मुलांना तेथे जाण्यापासून परावृत्त करत नाही. (पत्रकारितेविषयी अधिकारवाणीने बोलतो आहे.)

सांप्रत या व्यवसायात मोठी उलथापालथ चालू आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. १८६४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे जे. वॉल्टर थॉम्पसन हे नाव विलीनीकरणांत पुसले गेले. यंत्र आता क्षणार्धात भाषांतर करून देते, आणि शब्दागणिक दराने चालणारे काम त्याच्या हाती जाणार हे उघड आहे. काहींना यात मराठीचा घात दिसतो. प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. जे काम जात आहे, ते मुळातच आपल्या लायकीचे नव्हते. यंत्राला 'काळजी करणे' आणि 'काळजी घेणे' यांतला फरक उद्या कळेलही. पण सोलापूरची सून सासूसमोर कोणते तेल विकत घेते आणि माहेरी गेल्यावर कोणते वापरते, हे दुकानात उभे राहून पाहणाऱ्यालाच कळते. डेव्हिड ऑगिल्वी स्वयंपाकाच्या शेगड्या दारोदार विकत हिंडले होते. तो अनुभव गाठीशी घेऊन ते पुढे जाहिरातीकडे वळले.

तेव्हा ज्या मुलामुलींना या वाटेने जायचे आहे, त्यांनी पदवीच्या कागदाची चिंता थोडी कमी करावी. या व्यवसायात प्रमाणपत्रापेक्षा कामाची वही पाहतात. आपल्या घरातल्या फडताळावरच्या पाच वस्तू घ्याव्यात, प्रत्येकीसाठी तो माल कोण घेत नाही आणि का, हे एका परिच्छेदात लिहावे आणि मगच ओळ लिहावी. ती पन्नास वेळा लिहावी. उपयोजित कला शिकणारा एखादा मित्र गाठून त्याच्यासोबत ती मांडावी. इंग्रजी उत्तम शिकावी, कारण बैठका इंग्रजीत होतात आणि मराठी ओळ का योग्य आहे हे तेथे इंग्रजीतच पटवून द्यावे लागते. जो हे करू शकत नाही तो आयुष्यभर भाषांतरकार राहतो. आणि पहिल्या नोकरीत 'भाषा' करायला दिल्या, तर ब्रीफ मागावे. नाही दिले तर पुन्हा मागावे. पहिली काही वर्षे पगार बेताचा आणि रात्री उशिराच्या असतात, याची आईवडिलांनी तयारी ठेवावी.

राहता राहिले आपले मराठी उद्योजक. सांगली-कोल्हापूरकडे मसाले, लोणची, हळद, गूळ करणारे, पुण्या-नाशिककडे यंत्रांचे सुटे भाग बनवणारे, कोकणात आंबा-काजू प्रक्रिया करणारे आपलेच लोक आहेत. यांच्या जाहिरातीचे दरपत्रक कधी मागवून पाहा. फलकाच्या जागेचे भाडे असते, फ्लेक्सच्या छपाईचा चौरस फुटाचा दर असतो, छायाचित्रकाराचे पैसे असतात. लेखनाची ओळ त्यात नसते. मजकूर छापखान्यातला संगणकावर बसलेला मुलगा 'सोबत' म्हणून देतो. परकीय कंपन्या आमच्या भाषेला शेवटची खुर्ची देतात, अशी तक्रार करणाऱ्यांनी स्वतःच्या कार्यालयात तिला खुर्चीच ठेवलेली नाही.

आणि हे केवळ उद्योजकांपुरते नाही. दिवाळी अंकांच्या जाहिराती गोळा करायला दरवर्षी आपले कार्यकर्ते गावोगाव हिंडतात. उन्हातान्हात दहा चकरा मारतात, पान ठरते, अर्धे पान ठरते, पैसे येतात. शेवटी कार्यकर्ता वही उघडून विचारतो, 'काका, मजकूर काय टाकायचा?' आणि गल्ल्यावरून उत्तर येते, 'मागच्या वर्षीचाच टाका.'